रात्री दोन वाजता टॉयलेट कुठंय? फॅमिली कॅम्पिंगची जागा कशी बघायची

पहिल्यांदा कॅम्पिंगला गेलो तेव्हा जागा मी फोटो बघून ठरवली होती. पवनेच्या काठावर लाल-पिवळे टेंट, मागे तुंग किल्ला, पाण्यात मावळतीचा सूर्य, वर दिव्यांच्या माळा, झालं, पैसे भरून मोकळी. तिथे गेल्यावर कळलं की फोटोत उतार दिसत नाही. टेंट अशा कलत्या जागेवर ठोकलेला की रात्रभर आम्ही चौघं घसरत घसरत दाराशी गोळा होत होतो, धाकट्याचे पाय तर सकाळी टेंटच्या बाहेर होते. शेजारच्या प्लॉटवर दीड वाजेपर्यंत डीजे. आणि टॉयलेट वर रस्त्याला लागून, म्हणजे दोनशे पावलं, सगळा चढ, मधे दगड, लाईट नाही. सासूबाई बरोबर होत्या, त्यांच्या गुडघ्याचं तुम्हाला काय सांगू, दुसऱ्या टेंटमधून रात्री दोन वाजता हळूच हाक आली, "अगं, जाऊन यायला पाहिजे."

त्या दोनशे पावलांत जे शिकले ते इथे लिहितेय. त्यानंतर आम्ही सात-आठ वेळा गेलो असू, कधी दिराचं बिऱ्हाड बरोबर, कधी आम्हीच, आणि आता आमच्या घरात जागा बघायची रीत एकच आहे, ती जागा रात्री दोन वाजता कशी असेल ते बघायचं. संध्याकाळी सहाला सगळ्याच जागा सुंदर दिसतात हो. दोनला कळतं.

आधी कधी जायचं ते. पुण्याच्या आसपास टेंटमधे फॅमिली घेऊन झोपायचे खरे महिने नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी. ऑक्टोबरमधे परतीचा पाऊस कधी गाठेल सांगता येत नाही, मार्चनंतर दिवसा टेंटची भट्टी होते आणि डोंगरावरचं गवत एवढं वाळलेलं असतं की वणव्याची भीती, एप्रिल-मे मधे वळवाचा पाऊस, तो येतो तोच विजा आणि वारं घेऊन. काजवे बघायचे म्हणून लोक मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची असं जातात, जरूर जा, पण टेंटच्या ऐवजी गावात कुणाच्या घरी मुक्काम करा, पहिला पाऊस आला तर डोक्यावर छप्पर पाहिजे. आणि भर पावसाळ्यात पोरांना घेऊन टेंट, हे मला पटत नाही, ज्यांना जमतं त्यांना नमस्कार. अजून एक, ३१ डिसेंबरला पवनेला जाऊ नका. त्या रात्री तिथे कॅम्पिंग नसतं, वरात असते.

जागा कुठे कुठे आहेत तर पुणेकरांना खरं म्हणजे चैन आहे, धरणं भरपूर. पवना सगळ्यात फेमस, लोहगड, विसापूर, तिकोना, तुंग चारी किल्ले आजूबाजूला, मुंबईची पब्लिक पण तिथेच येते त्यामुळे गर्दी. कोथरूड-वारजेकडून निघणार असाल तर एक्सप्रेसवे, लोणावळा या भानगडीत न पडता पौड, कोळवण, तिकोनापेठ असा रस्ता धरा, भातशेतीतून जातो, छान आहे. मुळशी, ताम्हिणीकडे जंगल जास्त. पानशेत, वरसगाव जवळ पडतं, खडकवासल्याच्या चौपाटीवर रविवारी संध्याकाळी जी तुंबातुंब होते ती परतताना धरून चाला म्हणजे झालं. आणि मला विचाराल तर भोरकडे जा. कात्रज, कापूरहोळ, भोर, पुढे भाटघरचं किंवा नीरा देवघरचं पाणी. थोडं लांब आहे, म्हणून माणसं कमी, म्हणून झोप लागते.

आता फोनवर काय विचारायचं. जागावाले सगळे गोड बोलतात, "या ना ताई, सगळं आहे", त्यामुळे 'सोय आहे का' असं विचारलं तर उत्तर हो असंच येणार, आकडा येईल असा प्रश्न विचारायचा. टॉयलेट किती आणि त्या रात्री टेंट किती लागणार? (मी पाच-सहा टेंटमागे एक एवढं चालवून घेते, दहामागे एक म्हणजे सकाळी सातला रांग.) कमोड आहे का इंडियन, हे म्हाताऱ्या माणसांसाठी विचाराच, गुडघेवाल्यांचं अख्खं कॅम्पिंग त्यावर अवलंबून. पाणी नळाला आहे का ड्रमात. टेंटपासून टॉयलेटपर्यंत पायऱ्या किती. गाडी कुठपर्यंत येते, टेंटपाशी, का वर लावून सामान डोक्यावर. मागच्या शनिवारी किती वाजेपर्यंत गाणी चालू होती? असं विचारलं की समोरचा जरा थबकतो आणि त्यातच उत्तर मिळतं. नियमाने लाऊडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंदच पाहिजे, हे माहीत सगळ्यांना आहे. शेजारच्या प्लॉटवर कोण असतं तेही विचारा, कारण तुमचा मालक सज्जन असला तरी आवाज कुंपण बघून थांबत नाही.

सगळ्यात भारी उपाय म्हणजे व्हिडिओ कॉल. "दादा जरा फिरून दाखवा ना, टेंटपासून बाथरूमपर्यंत चालत जा." जो दाखवतो त्याच्याकडे अर्धा कौल द्यायला हरकत नाही. आणि रिव्ह्यू वाचताना पाच स्टारवाले सोडा, ते ग्रुपवाल्यांनी जेवण झाल्या झाल्या टाकलेले असतात, एक स्टारवाले भांडलेले असतात, तीन स्टारवाले वाचा. तीन स्टार देणारा माणूस शांतपणे सांगतो की व्ह्यू छान पण गाद्या ओल्या होत्या.

पोचायचं दिवसा. हे मी ओरडून सांगते. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि डोंगराच्या कुशीत तर अंधार त्याआधीच उतरतो, त्यामुळे चारपर्यंत गाडी लागली पाहिजे. शनिवारी दुपारी जेवून, झोपून, पाचला चांदणी चौकात असाल तर मग जागा बघणं वगैरे विसरा, जो टेंट देतील तो घ्यायचा. लवकर पोचलात तर हव्या त्या जागेवर टेंट लावून मागता येतो, आणि इथेच सगळा खेळ आहे.

जमीन कशी वाचायची

गाडीतून उतरल्यावर लगेच टेंटात बॅगा टाकू नका, आधी सगळ्यांनी चपला घालून दहा मिनिटं फिरा. जमिनीवर आडवं पडून बघा. हो खरंच, लोकांनी हसूदेत, आमचे हे सतरंजी टाकून पडतात आणि डोकं जड होतंय का बघतात, कारण डोळ्याला सपाट वाटणारी जमीन पाठीला सपाट नसते. थोडा उतार असेलच तर चालतो पण डोकं वरच्या अंगाला, आणि उतार लांबीत पाहिजे, आडवा असला की रात्रभर एकमेकांवर लोटांगण.

मावळ-मुळशीकडे बऱ्याच जागा म्हणजे भात काढल्यानंतरची खाचरं असतात. खाचर सपाट असतं हे खरं, पण त्याचे तीन त्रास आहेत. एक, भाताची धसकटं, ती टेंटच्या खालून टोचतात आणि कापड फाडतात, म्हणून खाली जाड ताडपत्री पाहिजेच. दोन, खाचर मुळात पाणी धरून ठेवायला केलेलं असतं, चारी बाजूनी बांध, अवकाळी पाऊस आला तर तुम्ही तळ्यात. तीन, बांधाला उंदरांची बिळं असतात आणि उंदरांमागे साप येतो, म्हणून टेंट बांधाला चिकटून नको, मधे घ्या.

ओढ्याचं कोरडं पात्र वाळू-गोट्यांमुळे मऊ आणि स्वच्छ दिसतं, पोरांना तेच आवडतं. तिथे नाही म्हणजे नाही. वर डोंगरात पाऊस झाला तर खाली आभाळ कोरडं असूनही लोंढा येऊ शकतो. आणि सगळ्यात खालच्या खोलगट भागातही नको, थंड हवा जड असते, ती रात्री उतारावरून खाली वाहत येऊन खळग्यात साठते, त्याच जागेत दहा-पंधरा फूट वर सरकलं तरी पहाटे फरक जाणवतो. पण अगदी माथ्यावर पण नको, तिथे वारं. म्हणजे चढाच्या मधल्या टप्प्यावरची सपाट पायरी, मागे थोडी झाडं किंवा मोठा खडक वाऱ्याला आडोसा, हे खरं सोनं. जुन्या वाड्या बघा, बहुतेक अशाच जागेला वसलेल्या आहेत, ना टेकाडावर ना ओढ्यात.

झाड बघताना वर बघा. वाळलेली फांदी डोक्यावर असेल तर तिथून हला, बाकी कितीही सावली असो. उंबर, वड, पिंपळाखाली फळांच्या दिवसात वटवाघळं रात्रभर टपटप खाली टाकत बसतात, टेंटचा पार रंग बदलतो. आंब्याच्या झाडावर पानं चिकटवून केलेला लाल मुंग्यांचा गोळा दिसला तर दोरी त्या झाडाला बांधू नका, मुंग्या दोरीवरून थेट पाहुणचाराला येतात. आणि मधमाश्या. कड्याला किंवा मोठ्या झाडाला काळसर पोळं लोंबताना दिसलं तर ते आग्यामोहोळ, तिथून चांगलं लांब, आणि त्या बाजूला धूर जाईल अशी शेकोटी नको, परफ्यूम नको, पोरांचं दगड मारणं तर अजिबात नको. हे साप-बिबट्यापेक्षा जास्त वेळा घडतं असं माझं मत आहे, आणि त्याबद्दल कोण बोलतच नाही. गुरं बसायची जागा ओळखू येते, शेण वाळलेलं असतं, जमीन तुडवलेली, तिथे गोचीड, तिथे पण नको.

दार कुठल्या दिशेला करायचं याच्यावर आमच्याकडे दरवेळी वाद होतो. वाऱ्याकडे पाठ हा पहिला नियम. तेवढं सांभाळून थंडीत पूर्वेकडे तोंड करा, सकाळी सात-साडेसातला ऊन आत येतं आणि पोरं न ओरडता उठतात. मार्च असेल तर उलट, पूर्वेला झाड पाहिजे नाहीतर आठला उकडून बाहेर.

पाण्यापासून किती लांब

लेकटच हा शब्द मी ऐकला की सावध होते. पाण्याला टेकून टेंट म्हणजे रात्री दमटपणा, पहाटे दव, डास, आणि पोर झोपेत उठून चालायला लागलं तर काय? पन्नास-साठ पावलं अंतर ठेवा, व्ह्यू तेवढ्याने पळून जात नाही. धरणाचा काठ म्हणजे नदीचा काठ नव्हे, पाणी जसं उतरत जातं तसा खालचा गाळ उघडा पडतो, वरून वाळल्यासारखा दिसतो, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. पाण्याखाली जुने बांध, झाडांची खोडं असतात, म्हणजे चार पावलं घोट्याएवढं पाणी आणि पाचव्याला एकदम खोल. पोहता येणारी माणसंसुद्धा इथे बुडतात. आमच्याकडे नियम असा की लाईफ जॅकेट घातलेलं आणि मोठं माणूस बरोबर, तरच पाण्याजवळ, आणि अंधार पडल्यावर कुणीच नाही, काकासुद्धा नाही, विशेषतः काका नाही.

यावरून आठवलं, आम्ही पानशेतला जायचं ठरवलं तेव्हा सासूबाईंचा पहिला प्रश्न, "भिंतीच्या वर का खाली?" मला कळेना. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा त्या लहान होत्या, नारायण पेठेत घर, अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलेले. धरणाच्या भिंतीखाली नदीकाठी मुक्काम करायचा नाही हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. आणि त्यांचं बरोबर आहे की, धरण फुटायची गरज नाही, नुसतं पाणी सोडलं तरी खालच्या पात्रात पातळी बघता बघता वाढते. टेंट नेहमी पाणफुगवट्याच्या बाजूला, आणि पाण्याच्या रेषेच्या चांगला वर.

भांडी त्या पाण्यात घासू नका हो. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर हेच पाणी आपल्या नळाला येतं, पवनेचं पिंपरी-चिंचवडला. म्हणजे रविवारी तिथे टाकलेला साबण पुढच्या आठवड्यात आपल्याच चहात. बादलीत पाणी घेऊन काठापासून लांब घासा, खरकटं पिशवीत.

रात्रीची तयारी

उजेड आहे तोवर टेंट ते टॉयलेट हा रस्ता सगळ्यांनी एकदा चालून यायचा. मोठ्यांनी पण. वाटेतला दगड, पाइप, टेंटच्या दोऱ्या कुठे आहेत ते पायाला कळलं पाहिजे. दोऱ्यांना मी पांढऱ्या चिंध्या बांधते, जुन्या बनियनच्या, नाहीतर पकडापकडी खेळताना कुणीतरी तोंडावर पडतंच. प्रत्येक टेंटमधे एक टॉर्च ठरलेल्या जागी, दाराच्या उजव्या कोपऱ्यात, मोबाइलचा टॉर्च धरायचा नाही कारण मोबाइल रात्री दोनला हमखास चार टक्क्यांवर असतो. डोक्याला लावायचा टॉर्च घ्या, आजीला हात मोकळे पाहिजेत, एका हातात काठी असते. तिसऱ्या ट्रिपपासून आम्ही एक प्लास्टिकची फोल्डिंग कमोड खुर्ची आणि जुनी साडी नेतो, चार काठ्यांना साडी गुंडाळली की खासगी सोय तयार, खाली खड्डा, वरून माती. सुरुवातीला सासूबाई लाजल्या, आता गाडी भरताना "ती खुर्ची घेतलीस का" हे आधी विचारतात.

टेंटची झिप सतत बंद, आत असा नाहीतर बाहेर असा. हे सापासाठी. आपल्याकडचे चार मुख्य विषारी म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, त्यात मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, चावलेलं बऱ्याचदा कळतसुद्धा नाही, दुखत नाही, पहाटे पोटात दुखायला लागतं नाहीतर पापण्या जड होतात. म्हणून उघड्यावर सतरंजी टाकून चांदण्यात झोपायची हौस पोरांना असते ती नको. बूट आत ठेवा, सकाळी झटकून घाला. चावलंच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही, मांत्रिक तर नाहीच, माणसाला आडवं ठेवायचं, चावलेला हात किंवा पाय हलवू द्यायचा नाही, १०८ ला फोन आणि सरळ सरकारी दवाखाना. जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे, तिथे सापाची लस आहे का आणि गाडीने किती मिनिटं हे पोचल्या पोचल्या मालकाला विचारून ठेवा, आणि तिथे मोबाइलला रेंज कुठल्या कंपनीची येते तेही. रेंजच नाही अशा जागी लहान मूल किंवा सत्तरीचं माणूस घेऊन मी जात नाही, डिजिटल डिटॉक्स वगैरे करायचं ते घरी करता येतं.

जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे जाणार असाल तर बिबट्या डोक्यात ठेवा, तो जंगलापेक्षा उसात जास्त राहतो तिकडे. उसाच्या फडाला लागून टेंट नको, दिवेलागणीनंतर लहान पोर एकटं नको, शू करायलाही नको. खरकटं टाकलं की कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे तो येतो, त्यामुळे जेवणानंतर जागा साफ. बिबट्या दिसला किंवा काही वन्यप्राण्याचा प्रश्न आला तर वनखात्याची हेल्पलाईन १९२६.

शेकोटी. पोरं अर्धी त्यासाठीच येतात. टेंटपासून निदान पंधरा फूट, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, आजूबाजूचं गवत काढून, दगडांचं कडं करून, आणि शेजारी पाण्याच्या दोन बादल्या भरलेल्या. नायलॉनची जॅकेटं घालून पोरांना जाळाजवळ बसवू नका, ठिणगी पडली की भोक पडतं आणि वितळलेलं कापड कातडीला चिकटतं, सुती किंवा लोकरीचे जुने कपडे बरे. झोपताना विझवायची म्हणजे पाणी ओतून, ढवळून, हात धरून गरम लागत नाही इथपर्यंत. आणि कितीही थंडी वाजली तरी निखाऱ्यांची शेगडी टेंटमधे न्यायची नाही, त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, वास येत नाही, झोपेतच माणूस जातो.

थंडीला उपाय शेगडी नाही, अंथरूण आहे. थंडी खालून येते, वरून नाही, हे लोकांना पटत नाही आणि मग दोन ब्लँकेट अंगावर घेऊन कुडकुडतात. खाली ताडपत्री, त्यावर फोमची मॅट, त्यावर आजीच्या हातची गोधडी, मग वर एक ब्लँकेट पुरतं. कानटोपी आणि कोरडे मोजे झोपायच्या आधी बदलून, दिवसभराचे घामट नाही. टेंट चार माणसांचा असं लिहिलेलं असलं तर ती चार माणसं खांद्याला खांदा लावून, न हलता, सामानाशिवाय, तेव्हा फॅमिलीला एक साइज मोठाच. वरची जाळी थोडी उघडी ठेवा, नाहीतर सगळ्यांच्या श्वासाची वाफ कापडाला धरते आणि पहाटे थेंब पडतात, मग टेंट गळतोय म्हणून मालकाशी भांडण. स्वतःचा टेंट नेणार असाल तर आधी घरी एकदा लावून बघा. आम्ही सोसायटीच्या गच्चीवर लावला, सेक्रेटरी परवानगी विचारायला आले, पण कुठली काठी कुठे जाते ते तरी कळलं.

खाण्याबद्दल थोडक्यात. पॅकेजमधलं बार्बेक्यू, पनीर वगैरे ठीक आहे, पण गावातल्या कुठल्या घरी चुलीवरचं पिठलं-भाकरी, ठेचा सांगता आलं तर तेच सांगा, पोरांना तिखट नको हे आधीच सांगून. शेकोटीत वांगी, रताळी खुपसायची, डिसेंबर-जानेवारीत ज्वारीचा हुरडा मिळाला तर विषयच संपला. घरून दशम्या, चिवडा, लाडू, आणि पिण्याचं पाणी वीस लिटरचा जार. पोरांना रात्री नऊनंतर सरबत-दूध देऊ नका. कारण वर सांगितलंय.

मुलं कंटाळतील ही भीती सोडा, मोबाइल गाडीत ठेवला तर कंटाळत नाहीत. जायची तारीख कॅलेंडर बघून ठरवा. पौर्णिमेला चांदण्यात फिरायला मजा, टॉर्चसुद्धा लागत नाही, पण तारे बघायचे तर अमावास्येच्या आसपासचा वीकेंड. जानेवारीत रात्री नऊला मृग नक्षत्र चांगलं वर असतं, चार कोपऱ्यांत चार तारे आणि मधे सरळ रेषेत तीन, तो हरणाच्या पोटातला बाण. त्या तिघांची रेषा खाली वाढवली की व्याध, आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा, आणि उलट वर वाढवली की रोहिणी, पुढे कृत्तिकांचा पुंजका. ध्रुव शोधायला हात लांब करून मूठ धरा, मूठ म्हणजे साधारण दहा अंश, पुणं साडेअठरा अक्षांशावर, तेव्हा उत्तरेला क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी वर ध्रुव. माझ्या मुलीने हे शाळेत जाऊन सांगितलं, बाई खूष.

निघताना टेंट उन्हात वाळवून मग घडी घाला. सकाळी दवाने तो भिजलेलाच असतो, घाईत गुंडाळला तर पुढच्या वेळी उघडल्यावर बुरशीचा असा वास येतो की टेंटच्या बाहेर झोपावंसं वाटतं. तिथे जमलं नाही तर घरी गॅलरीत टाका, दोन दिवस शेजारी विचारतील काय हे, विचारूदेत. आणि खुंट्या मोजून घ्या. आमच्या दोन अजून भोरला जमिनीत आहेत.